लांजेवारांनी ठेवलेली सहा भोकं

लांजेवार आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "बाई, पानी आना." मी रीतीप्रमाणे ट्रेमधून दोन ग्लास पाणी आणि गुळाचा खडा आणला. त्यांनी एक ग्लास उचलला आणि व्हरांड्याच्या फरशीवर ओतला. दुसरा उचलला, चार पावलं पुढे जाऊन तोही ओतला. मग उकिडवे बसून पाणी कुठे जातं ते बघत राहिले. पाणी निवांतपणे माझ्या स्वयंपाकघराकडे निघालं.

"पाहा!" ते माझ्या नवऱ्यावर ओरडले, जणू फरशी त्यानेच बसवली होती. "उतार घरात हाये. आन् तुमी काच लावाले निंगाले."

गुळाचा खडा तेवढा त्यांनी तोंडात टाकला.

लांजेवार आठवले की माझं डोकं आजही तापतं. समोर असायचे तेव्हा त्यांचाच राग यायचा, कारण माणूस मोठा खवट होता. आता बाकीच्यांचा येतो, आणि त्या बाकीच्यांत मी पहिली.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, त्यानंतरची ही गोष्ट. भोपाळहून साहेब लोकांचे ट्रक सामानासकट उतरायला लागले, भाडी वाढली, रस्ते खणले गेले, आणि आमच्या चौबे कॉलनीत व्हरांडे 'पॅक' करायची साथ आली. आमच्याकडे हाच शब्द. "आपने पॅक करा लिया क्या?" असं बायका भाजीच्या ठेल्यापाशी एकमेकींना विचारायच्या. आमची सगळी जुनी बैठी घरं, समोर चार खांबांचा मोकळा व्हरांडा. ज्यांनी ती बांधली ते साधे नोकरदार होते, पण त्यांना एवढं कळत होतं की इथे उन्हाळा भाजून काढतो, वैशाखात अंधड, म्हणजे धुळीचं वादळ, येतं आणि पुढचे चार महिने हवेतच पाणी असतं. म्हणून त्यांनी घराचं तोंड उघडं ठेवलं होतं. त्यांच्या शिकलेल्या मुलांना ते कळेनासं झालं. दोन दिवसांत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, काचा, वर पत्रा, आणि पत्र्याचे खिळे थेट जुन्या भिंतीत. झाली खोली. मे महिन्यात त्या खोलीत पापड वाळवावेत, श्रावणात सोफ्यावरची बुरशी पुसावी. तरी सगळे खूश, कारण रस्त्यावरून जाणाऱ्याला काच दिसायची.

आम्हाला काच हवी होती ती सासऱ्यांसाठी. त्यांनी उभं आयुष्य त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर काढलं होतं आणि रस्ता खणल्यापासून धुळीने त्यांचा दमा उसळला होता. "आत बसा" म्हटलं की रुसायचे. कुणीतरी लांजेवारांचं नाव सांगितलं.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेच्या मालडब्यांच्या दुरुस्तीतून निवृत्त झालेले. खाकी सदरा, खिशात घडीची लाकडी पट्टी, कानावर पेन्सिल, गालात तंबाखूचा खर्रा. बूढापारा नावाच्या वस्तीत एका खोलीत एकटे राहायचे. बोर्ड नव्हता, कार्ड नव्हतं. एका घरचं काम पाहून दुसऱ्या घरचं बोलावणं यायचं, त्यावर सगळं चालायचं. "माह्यं नाव हेच माह्यं दुकान हाये," असं ते म्हणायचे. "नाव गेलं का शटर पडलं."

'पॅक' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. "पॅक मुडदा करतेत बाई. घर पॅक नाही करत."

फरशीचा उतार पाहून झाल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग कधी सुरू करता?"

"पयले एक अंधड पाहीन."

"अंधड?"

"हव. तुमच्या घरी ते कुठून येते, कुठून जाते, हे तुमाले मालूम हाये का? मलेही नाही."

नवरा मला आत येऊन म्हणाला, हा माणूस वेडा आहे, दुसरा बघू. पण दुसरा बघायच्या आतच एका संध्याकाळी आकाश पिवळं झालं आणि अंधडाच्या पुढे पुढे सायकल मारत लांजेवार हजर झाले. आम्ही सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. ते व्हरांड्यात स्टूल घेऊन बसले, एका हाताने खांब धरून. मी खिडकीच्या काचेतून बघत होते. कडुलिंबाच्या फांद्या, कुणाची चप्पल, कुणाच्या वाळवणाचा कपडा, सगळं त्यांच्या अंगावरून जात होतं, आणि हा माणूस वाऱ्याकडे तोंड फिरवत बसला होता. मग आडवा पाऊस सुरू झाला तरी हलले नाहीत.

अर्ध्या तासाने आत आले ते केसांत पालापाचोळा घेऊन. माझी मुलगी अंजली तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "अंकल, आप पूरे भीग गए हो, टॉवेल ले लो."

"टावेल मंग दे पोट्टे, पयले हे पाह्य." त्यांनी आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून त्यावर व्हरांडा काढला. "पयले धूळ येते, इकडून. मंग गारवा. मंग पानी, आडवं. या कोपऱ्यातून घुसते आन् त्या कोपऱ्यातून निंगाले पाहाते. तुमी नेमका तोच कोपरा बंद करून राहिले."

त्यानंतर त्यांनी अटी घातल्या. नवं छप्पर जुन्या भिंतीला टेकणार नाही, ते स्वतःच्या पायांवर उभं राहील. मधल्या फटीवर पत्र्याची झालर येईल. "म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसू नये," हे त्याचं कारण. छपराच्या खाली सगळीकडून हातभर जाळी, वारा बाहेर जायला. पश्चिमेला काच नाही, लाकडी झडपा. आणि काचेच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या अंगाने सहा भोकं, करंगळीच्या नखाएवढी. "पानी येनारच. काचेच्या फटीतून येईन, कुठूनही येईन. त्याले येनं समजते बाई, जानं तुमी समजवा लागते. मालडब्याले सुद्धा भोक ठेवा लागते खाली, नाही तर डबा खालून सडते."

नवऱ्याला नेमकी पश्चिमेलाच काच हवी होती, कारण रस्ता पश्चिमेला. जोरात जुंपली. लांजेवारांनी पट्टी मिटली, पिशवी उचलली. तेव्हा खुर्चीतून सासरे बोलले, "सुरेश, हा माणूस आपल्या घरासाठी ओला झाला. तू कधी झाला होतास?"

झडपा लागल्या. खोली अशी झाली की भर भादव्यातही तिथे गुदमरत नव्हतं, आणि सासरे पुन्हा दिवसभर खुर्चीत बसायला लागले. माझा नवरा आल्यागेल्याला ती झडप स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखी दाखवायचा.

लांजेवारांची एक खोड होती. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ते न बोलावता यायचे. त्यांनी केलेल्या प्रत्येक घराचं फाटक उघडायचं, "कोनी हाये का" असं ओरडायचं आणि उत्तराची वाट न बघता वाकून काचेच्या पट्टीतल्या भोकांमध्ये तार फिरवायची. त्याचं काही घ्यायचे नाहीत. चहाही काम झाल्याशिवाय नाही.

पहिल्याच वर्षी मी पकडले गेले. झालं असं की त्या भोकांमधून मुंग्या यायला लागल्या. सासऱ्यांच्या औषधाच्या गोड बाटलीपर्यंत रांग लागली. मी कणकेच्या गोळीएवढी पुट्टी घेतली आणि सहाही भोकं बुजवून टाकली. स्वच्छ, गुळगुळीत. मला वाटलं, मोठं शहाणपणाचं काम केलं.

लांजेवार आले त्या दिवशी माझ्या माहेरचे पाहुणे बसले होते. वाकून बघितलं आणि ताठ उभे राहिले.

"बाई, हे कोनं केलं?"

"मुंग्या येत होत्या, काका."

"मुंग्या तर येतीनच! घर हाये, अस्पताल थोडी हाये! मुंगीसाठी घराचं नाक बंद करता का?" पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या तशाच. "तुमाले सर्दी झाली का तुमी नाकात पुट्टी भरता का? तुमच्या डोक्यातला आकडा द्या."

"काय?"

"केसातला आकडा. तार आत जाऊन नाही राहिली."

मी सगळ्यांसमोर केसातला आकडा काढून दिला. केस मानेवर आले. त्यांनी जमिनीवर बसून सहाही भोकं कोरून काढली, आकडा सदऱ्याला पुसून परत दिला आणि म्हणाले, "मुंगीले हळद टाका. तेवढी अक्कल आईनं शिकवली असनच." माझी आई पाहुण्यांत बसली होती.

महिनाभर मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. मग तीन दिवसांची झड लागली. तिसऱ्या दिवशी मी काचेतून वाकून पाहिलं, तर पट्टीतल्या सहा भोकांमधून सहा बारीक धारा अंगणात पडत होत्या आणि आतली फरशी कोरडी होती. मला हसू आलं. आकडा तेव्हापासून मी तिथेच, झडपेच्या खिळ्याला अडकवून ठेवायला लागले.

आता मोहरील साहेब.

आमच्या शेजारचं घर भोपाळहून आलेल्या मोहरील साहेबांनी घेतलं. नव्या मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, आपल्याच भाषेचा माणूस, म्हणून आम्हाला आधी आनंद झाला. त्यांनी फाटकाचं गेट केलं, गेटवर गार्ड बसवला, आणि आमच्या काचेच्या खोलीवर त्यांचा डोळा गेला. याच सुमारास राज्याबरोबर कर्मचाऱ्यांचीही वाटणी चालली होती आणि माझ्या नवऱ्याचं नाव भोपाळच्या यादीत पडलं होतं. दमेकरी बाप, शिकणारी मुलगी, हे घर, सगळं सोडून भोपाळ. रायपुरातच ठेवा असा अर्ज त्याने केला होता, आणि तो अर्ज मोहरील साहेबांच्या टेबलावरून जाणार होता.

म्हणून साहेबांनी "तुमच्या त्या मिस्त्रीला पाठवा" म्हटल्यावर आम्ही धावलो. लांजेवारांनी जाऊन पाणी ओतलं, फरशी पाहिली, साहेबांशी दहा मिनिटं बोलले आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "नाही करत. त्याले एसी लावाचा हाये. मनात पॅकच हाये त्याच्या."

"काका, माझ्यासाठी करा," मी म्हटलं. हे वाक्य माझं आहे. ते मी नवऱ्याच्या, नशिबाच्या, राज्य सरकारच्या, कुणाच्याही नावावर टाकू शकत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खर्रा थुंकून आले. "जाळी उघडी राहीन, भोकं उघडी राहतीन. साहेबानं कबूल केलं तर."

साहेबांनी कबूल केलं. साहेबांचं कबूल करायला काय जातं?

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एसी आला. एसीची हवा बाहेर जाते म्हणून वरच्या जाळीवर प्लायवूड ठोकलं गेलं, आणि एके सकाळी मी कपडे वाळत घालताना कुंपणाच्या भिंतीवरून पाहिलं, तर त्यांच्या आणि आमच्याही घरी काम करणारी फुलमत वाकून बसली होती. हातात पांढऱ्या सिलिकॉनची नळी. मोहरील वहिनी उभ्या राहून एकेक भोक दाखवत होत्या. फुलमत मला बघून हसली. मीही हसले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचं घर, त्यांची भोकं. अर्ज वर जाईपर्यंत तू काही बोलू नको."

जेठात लांजेवार फेरीला आले. आमच्याकडे तार फिरवून झाली आणि ते शेजारी गेले. गार्डने गेटवरूनच परत पाठवलं, साहेब मीटिंगमें हैं. ते पुन्हा माझ्याकडे आले. मी त्यांना एवढ्या नरम आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "बाई, मले जाऊ नाही देऊन राहिले. तुमी शेजारी हायेत. उघडी हायेत ना भोकं?"

"हो, असतील," मी म्हटलं.

"मंग ठीक हाये."

चहा पिऊन गेले. त्या दिवशी साखर जास्त झाली म्हणून ओरडले नाहीत.

तो पावसाळा आणि त्याच्या पुढचा, असे दोन पावसाळे मोहरिलांच्या पट्टीत पाणी साचून राहिलं. बाहेर जायला वाट नव्हती म्हणून ते छपराच्या लोखंडी खांबांच्या बुडाशी मुरलं. बाहेरून चकाचक रंग, आतून लोखंडाचा भुगा. नंतरच्या वैशाखात एका संध्याकाळी अंधड आलं. कोपऱ्यातली एक काच फुटली, वारा आत घुसला, वर जाळीवर प्लायवूड, बाहेर पडायला जागा नाही. मी आमच्या झडपेच्या फटीतून पाहिलं. अख्खं छप्पर बुडापासून हललं, वर उचललं गेलं आणि अंगणात आपटलं. फुलमत साहेबांचे कपडे काढायला धावली होती. पत्र्याची कड तिच्या हातावर आली. कोपराच्या वर हाड मोडलं.

आमच्या खोलीला काही झालं नाही. सासरे आत खुर्चीत बसून होते.

रविवारी सकाळी मोहरिलांच्या अंगणात कॉलनीची सभा बसली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, बिस्किटं. नळापाशी फुलमत उभी, हात प्लास्टरमध्ये. लांजेवारांना बोलावून घेतलं होतं. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, आणि मीही माझी दिली नाही. साहेबांचं म्हणणं असं की काम कच्चं होतं, माणसाचा जीव जाता जाता वाचला, असल्या मिस्त्रीला कॉलनीत पाय ठेवू देऊ नये.

लांजेवारांनी पिशवीतून मोडक्या पट्टीचा तुकडा काढला. तो त्यांनी ढिगाऱ्यातून आणला होता. "हे पाहा. भोकं मी ठेवली होती. हे पांढरं कोनं भरलं?"

"तूच भरलं असशील," साहेब म्हणाले. 'तू'. बापाच्या वयाच्या माणसाला.

"मी काहून भरीन साहेब? मीच ठेवाचे आन् मीच भराचे?"

कॉलनीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "किसीने देखा है क्या? ऐसे तो कोई भी कुछ भी बोलेगा."

बिस्किटाची बशी फिरत राहिली. मग नळापासून आवाज आला.

"मैंच मूंदे रहेंव," फुलमत म्हणाली. मीच बुजवली. "बाई कहिस त मूंद देंव." या बाईंनी सांगितलं म्हणून.

"तू चुप रह," मोहरील वहिनी कडाडल्या. "हाथ का इलाज कौन करा रहा है तेरा?"

फुलमतने चांगल्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "दीदी घलो देखे हे." दीदीनेही पाहिलं आहे. "भिथिया के ओ पार ले देखत रिहिस. पूछ लव." भिंतीपलीकडून बघत होती, विचारा.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी, साहेबांनी, वहिनींनी. लांजेवारांनीही पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला, तो मला अजून दिसतो. त्यांना वाटलं, झालं, बाई सांगतीन. खुर्चीखाली नवऱ्याने माझ्या पायावर पाय ठेवला.

"मी कामात असेन," मी म्हटलं. "मला नीट आठवत नाही."

एक मोडक्या हाताची बाई, जिची उद्याची भाकरी त्या घरातून येत होती, ती खरं बोलली. आणि मी, पदवीधर, स्वतःच्या घराची मालकीण, मला आठवत नव्हतं. तेव्हा माझं वय काय होतं, माझ्यापुढे काय अडचण होती, हे सगळं मी स्वतःला शंभर वेळा सांगून पाहिलं आहे. पटत नाही.

ज्या माणसाने मुंग्यांवरून माझ्या आईसमोर माझी अक्कल काढली, त्याने त्या दिवशी मला एक शब्द ऐकवला नाही. लांजेवारांनी पट्टीचा तुकडा बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला आणि सायकल घेऊन गेले. त्यांना कुणी काम देऊ नये असा कागद कॉलनीच्या फलकावर लागला. पावसाने अक्षरं फुटली तरी तो महिनोन्महिने तिथेच होता. फुलमतला मोहरिलांनी काढून टाकलं. ती आमच्याकडेही आली नाही. मी तिच्या वस्तीत दोनदा गेले, तिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि कामाचं काही बोलली नाही.

सभेनंतरच्या मंगळवारी नवरा पेढे घेऊन आला. अर्ज मंजूर, रायपुरातच राहायचं. मी कागद हातात घेतला. साहेबांची सही सभेच्या आठ दिवस आधीची होती. म्हणजे मी त्या खुर्चीत बसले होते तेव्हा घाबरायचं काहीच उरलं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी खोटं बोलले ती आधीच आमच्या पदरात पडलेली होती. नवरा म्हणाला, "बरं झालं ना, देवाची कृपा." मी पेढ्यांचा पुडा भिंतीवर फेकला. सासरे बघत होते. त्या दिवसापासून ते काचेच्या खोलीत बसेनासे झाले. त्यांच्यासाठी केलेली खोली. वेताची खुर्ची त्यांनी आत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले.

बूढापारा आमच्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर. मी गेले नाही. उद्या जाऊ, सणानंतर जाऊ, काहीतरी घेऊन जाऊ. राग एवढा येत होता, पण तो घरात भांडी आपटण्यापलीकडे कधी गेला नाही. कानावर यायचं की लांजेवार आता खिडक्यांना मच्छरजाळ्या ठोकून देतात, तेही मिळालं तर. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी फाटकाच्या आवाजाकडे कान लावून होते. ते आले नाहीत. कॉलनीत आता नवे ठेकेदार होते, रंगीत पुस्तकं दाखवणारे, 'फुल पॅक' म्हणणारे. मोहरिलांनी नवी खोली केली, आधीपेक्षा मोठी, आणि तिला एकही भोक नव्हतं.

आणखी एक वर्ष गेलं. श्रावणातली दुपार, सकाळपासून पाऊस. सासरे तोवर गेले होते. मी सहज झडपेपाशी आले, तर फाटकाबाहेर काळी छत्री आणि सायकल. खाकी सदरा अंगावर झुलत होता, इतके वाळले होते. फाटक उघडंच होतं, पण ते आत येत नव्हते. छत्री मागे कलती करून, वाकून आमच्या बाजूच्या काचेच्या बुडाकडे बघत होते.

मी तशीच पावसात धावले. "काका! आत या ना. या."

"नाही." आवाज तोच, खवट. "इकडून जाऊन राहिलो होतो. ते सहाही चालून राहिले का? मले आता इथून दिसत नाही."

डोळ्यांत पांढुरका पडदा आला होता. मी वळून चिखलात बसले. पाच धारा पडत होत्या, सहावं भोक पाचोळ्याने तुंबलं होतं. मी धावत जाऊन झडपेच्या खिळ्याचा आकडा काढून आणला आणि त्या भोकात घातला. पाचोळा निघाला, गढूळ पाणी माझ्या पायावर आलं, मग स्वच्छ धार लागली.

"हो काका," मी ओरडले. "सहाही."

त्यांनी छत्री सरळ केली.

"तुमी पाहिलं?"

"पाहिलं."

"हव," ते म्हणाले. सायकल वळवली, एका हातात छत्री, एका हातात हँडल, आणि चालत निघाले.

मी आकडा धरून फाटकात उभी होते. "मी पाहिलं होतं, काका," मी म्हटलं, आणि मग पुन्हा म्हटलं, मोठ्याने, शेजारच्या गेटवरचा गार्ड मान वळवून बघेल एवढ्या मोठ्याने. तोवर ती छत्री वळणावरून गेली होती.